अंगठा

पहाटे साडेपाचला, पर्वतीच्या पायथ्याशी, टँकवर बारा पोरं
हात काखेत दाबून कुडकुडत उभी.
कोण झोपलंय, कोण नाही, मला विचारावं लागत नाही.
शिट्टी आणि उडी यांच्यामधे
एक फट असते, तिच्यात दिसतं सगळं.

तन्वीर मुलाणीची फट महिनाभर रुंदावत चाललीय.
पन्नास मीटर, दिवाळीआधी तीस पॉइंट चार.
मग एकतीस, एकतीस पॉइंट दोन,
आज एकतीस पॉइंट सहा.
वळताना भिंत पायाला सापडत नाही,
श्वास घ्यायचा तिथे पाणी घेतो.
आई म्हणाली, फोन मी रात्री तांदळाच्या डब्यात पुरते हो, सर,
पण सकाळी त्याच्या उशीखाली तांदळाचे दाणे.

मी त्याला काठावर बसवला.
तोंडपाठ भाषण दिलं:
निळा उजेड, मेंदू,
स्नायू काय ते झोपेतच भरतात,
तुझ्या वयाला नऊ तास लागतात,
दहानंतर बंद म्हणजे बंद.

त्यानं गॉगल कपाळावर ढकलला.
डोळ्यांखाली दोन वर्तुळं, गॉगलची नव्हेत.
"सर, काल एक वाजून दहा मिनिटांनी
तुमचा पण हिरवा ठिपका चालू होता."

पाण्यात कोणीतरी हसलं. बुडबुडे आले.

खरं सांगायचं तर
धनकवडीत चौथ्या मजल्यावर, कुशीवर कलंडून
मी कुणाकुणाचं लोणावळा बघत असतो,
कुणाची नवी गाडी, हार घातलेली,
एक अनोळखी माणूस, तेल लावलेल्या हातांनी फणस फोडताना.
काही हवं नसतं.
फणस तर मला आवडतही नाही.
अंगठा तेवढा वर जात राहतो,
बटण बंद केल्यावरही पंखा फिरतो तसा.
शेजारी भिंतीकडे तोंड करून बायको,
आणि तिच्या भिंतीवरही माझा उजेड.

याच अंगठ्यानं मी सकाळी घड्याळ दाबतो.

म्हणजे ते एकतीस पॉइंट सहा,
त्यातले किती दशांश पोराचे?
त्याचा हात भिंतीला लागल्यानंतर
माझा अंगठा कुठे होता?
वहीत मात्र सगळे त्याच्याच नावापुढे,
लाल शाईत.

त्या रात्री मीही फोन तांदळात खुपसला.
बायकोनं विचारलं, भिजला का?
म्हटलं, हो.

दिवा घालवला.
खाली पंपाची घरघर, कात्रजकडे जाणारा एखादा ट्रक,
वरच्या घरात कुणाचा तरी फोन टिंग झाला
आणि माझा हात आपोआप उशीकडे गेला.

पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला मी एकच सांगतो:
मान टाक. पोट वर.
धडपडू नकोस, पाणी धरेल तुला.
बाकीच्यांना पटायला तीन दिवस लागतात,
तन्वीरला आठवडा लागला होता.

मी मान टाकली.
गादी काही धरेना.
पुन्हा टाकली.
किती वाजले असतील?
स्टॉपवॉच बॅगेत, फोन तांदळात.