वाटणीत न आलेलं

घर विकलं, निम्मं-निम्मं केलं.
कुत्रा माझ्याकडे, स्नो-ब्लोअर ऑरेस्टकडे.
त्याच्या आईनं भरलेले टेबलक्लॉथसुद्धा मोजले,
एक जास्तीचा निघाला, तो नणंदेला दिला.
राहिले फक्त पॉइंट.

शहाण्णव साली केलोनाच्या एका हॉटेलात
फुकटच्या बार्बेक्यू शेगडीपायी
दोन तास बसून ऐकलेलं भाषण,
आणि खाली दोन सह्या, एकाच पेनानं.
वकीलबाई म्हणाल्या, लग्न मोडता आलं, हे नाही येत.
वापरायचे, नाहीतर एकतीस डिसेंबरला
जातात वाया.

म्हणून दर दोन वर्षांनी
सास्काटूनहून आम्ही दोघं निघतो.
मेंटेनन्सचा चेक अर्धा-अर्धा,
विमानात रांगा वेगळ्या,
उतरल्यावर मात्र गाडी एकच,
कारण गाडीला पॉइंट चालत नाहीत.

यंदा स्कॉटलंड. ऑक्टोबरातला स्वस्त आठवडा.
दोन बेडरूमला अकराशे पॉइंट कमी पडले.
"सोफ्याचा पलंग होतो," ऑरेस्ट म्हणाला,
सोफ्याकडे न बघता.

स्वयंपाकघराच्या दारामागे यादी:
काटे सहा, चमचे सहा, अंड्याचे कप चार,
किटली एक, सही करा.
त्यानं चष्मा लावून सगळं मोजलं.
आमच्या घरात किती काटे होते
ते आजही मला सांगता यायचं नाही.

उल्लापूलच्या पुढे रस्ता एका गाडीपुरता.
आम्ही सपाट मुलखातली माणसं,
आमच्याकडे समोरचा ट्रक दिसल्यापासून
जवळ येईपर्यंत एक सफरचंद खाऊन होतं.
इथे वळण, आणि वळणातच
टपालाची लाल व्हॅन.
दोघींना जागा नाही.
वाट द्यायला रस्त्यानं जिथे पोट काढलंय
ती पांढऱ्या पाटीची जागा मागे, चढावर.

मी डाव्या हातानं रिव्हर्स शोधतेय.
मागे येणं मला कधी जमलं नाही.
त्यालाही.

ऑरेस्ट उतरला. भुरभुर पाऊस, नवीन गुडघा,
गाडीमागे उलट्या पावली चालत
दोन्ही हातांनी हवा ओढत राहिला:
ये. ये. अजून. थोडी तुझ्या बाजूला.
थांब, मेंढी आहे.
गेली. ये.
मी काच खाली केली होती,
आरसा सोडून आवाजावर येत राहिले.

व्हॅन गेली. चालवणाऱ्या बाईनं
स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, एवढंच.
"आपल्यासारखं," तो आत बसत म्हणाला.
आमच्या खडीच्या रस्त्यांवरही
अनोळखी माणसाला असंच बोट उचलतात.
मग ओल्या कोटाचा वास, बराच वेळ, आणि हीटर.

समुद्रापाशी वायपर चालू ठेवून
कागदातला धुरी दिलेला मासा खाल्ला,
फ्लॅटमधून आणलेल्या काट्यांनी.
मिठाबद्दल थोडं भांडलो.

शनिवारी दहाला चावी परत.
काटे पाच.
त्यानं तीनदा मोजले, ड्रॉवर उपडा केला.
खिडकीतली इशबेल म्हणाली, असू द्या हो,
दर आठवड्याला एखादा जातोच.
तरी त्यानं दोन पौंडांचं नाणं काउंटरवर ठेवलं,
आणि ती दुसरीकडे बघत होती म्हणून
जरा तिच्याकडे सरकवलं.

नोव्हेंबरात फोन.
"काटा सापडला. कोटाच्या अस्तरात होता.
बसलो की टोचायचं काहीतरी,
मला वाटलं मणकाच आहे."
मग थोडा वेळ काहीच नाही.
"तीनशे चाळीस पॉइंट उरलेत.
एवढ्यात काही येत नाही.
पुढच्या वर्षात ढकलू?"

मी अंगणात होते, फावडं हातात,
फोन खांद्यात धरलेला,
गुडघाभर बर्फ, कुत्रा कुणावर तरी भुंकत होता.
ढकल, म्हटलं.
ते त्याला म्हटलं की फावड्याला,
त्यानं विचारलं नाही.