सूतभर

वागळे इस्टेटला, जुन्या बेअरिंगच्या कारखान्यात
आता चित्रं टांगतात
आणि चित्रांखाली जेवायला वाढतात.
लेकीनं टेबल राखून ठेवलेलं, आमच्या लग्नाला चाळीस झाली म्हणून.

भरीत आलं काळ्या पाटीवर, लिंबाएवढं.
भाव मी मनातल्या मनात वांग्यांनी भागला.

हे चित्राकडे बघत बसलेले.
चित्राकडे म्हणजे, निळं काहीतरी होतं, मोठं,
त्याकडे नाही. चौकटीकडे.
"सागवान. डावा सांधा बघ. आपल्याच दुकानातला माल."
घास हातात तसाच.
"सूतभर कललंय."

बाबा, जेवा ना, लेक म्हणाली.
काका, हात नाही लावायचा, वेटर म्हणाला.

खाली पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, आकडा.
दोनदा वाचली. सुताराचं कुठे काही नाही.

वेटर सोलकढी आणायला आत वळला
तशी मीच उठले,
तळहात साडीला पुसला
आणि उजवा कोपरा एका बोटानं वर सारला.
"अजून... अजून थोडं... हां, बस."

मग जेवले.
भरीत अळणी आहे म्हणाले,
आणि माझंही संपवलं.