भागाकार

रात्रीचे तीन. वर चाहनांतोरच्या पठारावर
पांढऱ्या थाळ्यांनी एकदमच मान वळवली.
खाली नियंत्रणखोलीत नोल्व्हिया कोल्के
कोकाच्या पानांचा निवलेला चहा उगाच ढवळते आहे.

आजची दीर्घिका म्हणजे नुसता एक क्रमांक.
अकरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला उजेड,
त्यातला निळा वाटेत कुणी खाल्ला
याचा पंचनामा करायचा आहे.

रीत साधी, ती नव्या पोराला, आउरेलियोला सांगते:
हायड्रोजनच्या लाल रेघेला निळ्या रेघेनं भाग.
दोन पूर्णांक शहाऐंशी शतांश यावं.
आकडा फुगला तर समज, मध्ये धूळ आहे.
धूळ तरी कुणाची? आधी मेलेल्या ताऱ्यांचीच.
तिच्याआड नवे जन्मतात.
"आणि रेघाच दिसल्या नाहीत तर?"
मग ऊब मोजायची.

तोकोनाओला आई भट्टीचं तोंड मातीनं लिंपून टाकायची.
आत धग आहे की सरली, डोळ्यांना कळायचं नाही.
ती तळवा सपाट टेकवायची मातीला,
थांबायची जरा,
आणि सांगायची, अजून एक खेप निघेल पावांची.

वरच्या थाळ्या एवढंच करतात.
निळा उजेड गिळून धूळ तापते,
शून्याखाली दोनशे तीस अंश, तिकडे ही पण ऊबच,
आणि घेतलेलं सगळं परत करते, दुसऱ्या भाषेत.
झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

वडील चुकिकामाताच्या खाणीत, दगड भरडायच्या यंत्रावर.
कसा गेला दिवस, तर म्हणायचे, विशेष काही नाही.
आई सदरा भिजवायची. पहिलं पाणी, दुसरं.
तिसऱ्या पाण्याच्या रंगावरून ओळखायची
की आज दोन पाळ्या झाल्या.

पुढे कलामाच्या दवाखान्यात
उजेडाच्या पेटीवर त्यांच्या छातीचा फोटो.
डॉक्टर पेनाच्या टोकानं ठिपके मोजत गेला,
मग मोजायचा थांबला.
चांदण्यासारखं दिसतं, धाकटा भाऊ म्हणाला.
नोल्व्हियाला तसं दिसलं नाही.
ती धूळ होती.

पडद्यावर आकडे येतात.
निळ्यावर विसंबलं तर वर्षाला चार सूर्यांइतके तारे.
ऊब धरली तर एकशे तीस.
आउरेलियो शीळ घालतो.
एवढं काम चाललं होतं आत,
आणि आपण त्या दीर्घिकेला आळशी म्हणत होतो!

ती वहीत लिहिते: एकशे तीस, अधिक-उणे चाळीस.
चाळीस कशाला, तो विचारतो.
धुळीचं तापमान आपण गृहीत धरलंय म्हणून.

'गृहीत' या शब्दाखाली ती रेघ ओढते.
मग आणखी एक.