शेहेचाळीस गेज

लोडाच्या अभ्र्यातून काढली मढवींनी ती.
आधी मान, मग अंग,
लाल, कडेकडेने काळं होत गेलेलं
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.
डोक्यावरची कंपनीची पाटी कधीच पडलेली,
स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली.
मागच्या पत्र्यावर मात्र ठसठशीत : मेड इन जपान.
त्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटने
काथोड मढवी बेंजो पार्टी, गोठिवली.

"गोदीतल्या खलाशाकडून घेतली," म्हणाले.
"हातातला घड्याळ दिला, वर ऐंशी रुपये.
तीस वर्सां हलदी वाजवल्या गो हिचेवर,
दिव्यापासून दिघ्यापर्यंत."
मग डावा हात दाखवला.
मधलं बोट वाकत नव्हतं.

मी पर्समधून मल्टिमीटर काढला, तर हसले.
लोक वाजवून बघतात,
ही बाई ताप बघते.
मानेकडचा पिकअप : साडेपाच किलो-ओहम, जिवंत.
ब्रिजकडचा : ओपन.
अठरा हजारांचे साडेअकरा झाले
एका तुटलेल्या तारेपायी.
बोनस तेवढाच होता, हे मी सांगितलं नाही.

रबाळ्याला मी रिलेच्या कॉइल भरते, बावीस वर्षं.
केसाहून बारीक तांबं, शेहेचाळीस गेज,
शिंक आली तरी तुटतं.
किती कोस तार गेली असेल बोटांखालून,
हिशेब ठेवला नाही.
त्यातली वीतभरही कधी
ऐकू आली नव्हती.

रविवारी झाकण उघडलं.
हिरवा गंज, खाडीचा खार,
आणि स्क्रूच्या आट्यांत पिवळं काहीतरी.
वास घेतला. हळदच.
तळपट्टीवर पेन्सिलीने इंग्रजी आठ,
बाकी काही नाही.
आमच्याकडेही असंच. नाव नाही, नंबर.
मी सतरा.

जुनी तार सोडवत गेले, घाई न करता.
वेढे डावीकडे किंचित कललेले.
भरणारी एका कुशीवर रेलून बसत असणार;
पाठ असेल, किंवा त्या अंगाला खिडकी.
बाई की बाप्या, कुणी सांगावं.
मला बाईच दिसली.
मध्येच एके ठिकाणी वेढे सैल पडलेत.
डबा खाल्ल्यावर, अडीचच्या सुमाराला,
आमचेही पडतात.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मशीन मागून घेतलं.
शिंगोटेसाहेबांना म्हटलं, घरच्या मिक्सरचं आहे.
काउंटर बिघडलेला, म्हणून तोंडाने मोजत होते,
आणि पाच हजारांच्या पुढे कुठेतरी
रेवती चहा घेऊन आली, साखर पुरे का म्हणाली,
मी हो म्हटलं आणि आकडा गेला.
सहाशे होते की नऊशे?
बोटांना पुरे वाटलं तिथे थांबले.
आठाशेजारी सतरा लिहिलं,
बारीक. तिची जागा न खाता.

सोसायटीच्या गणपतीचा स्पीकर आणला,
सेक्रेटरीला दोनदा नमस्कार करून.
बटण दाबलं तर आधी नुसती घूं,
तीच, आमच्या शेडमधली, विजेची,
जन्मभर दुपारी डोक्यात राहिलेली.
मग सगळ्यात जाड तार सोडली.
फडताळातल्या वाट्या बोलल्या.
लेक आतून म्हणाली, आई, हे काय.
मला सांगता आलं नाही.
पुन्हा सोडली.

गुरुवारी मढवी आले, पहिला धडा द्यायला.
धडा राहिला. डोळे मिटून ऐकत बसले.
"पयल्यासारखा नाय लागत," म्हणाले.
"जाड झालाय."
मी चहाचं सांगितलं, चुकलेला आकडा सांगितला,
म्हटलं, सोडवून पुन्हा भरते, दोन दिवस द्या.

न वाकणारं बोट तारेवर आडवं ठेवून
थोडा वेळ गप्प राहिले.
"नाय, ऱ्हाऊ दे," म्हणाले.
"वाजव."