कंबर चोवीस

वडशाच्या बाजारात तीन दुकानं झाली.
पहिल्यातल्या पोऱ्यानं मला वरून खाली पाहिलं
आणि न विचारता शिडी चढून काढली
बारा वर्षांच्या मुलाची पँट,
खिशावर हसरा वाघ.
"हीच येईल ताई."
आली. तेच तर दुःख.
कमरेला आली, मांडीला आली,
वयाला नाही आली.

दुसऱ्यात मोठ्या बाईची.
घोटे, टाचा, सगळं गिळून
उरलेलं कापड फरशीवर सांडलं.
"दुमडून घ्या," म्हणे.
दुमडूनच घेत आलेय मी,
शाळेचा स्कर्ट, ताईचे कुर्ते,
वाढत्या अंगाचं म्हणून शिवलेलं सगळं.
अंग वाढलं नाही. कपडे विटले.

तिसऱ्या दुकानाचं सांगत नाही.

मी भूकरमापक. लोकांची शेतं मोजते.
धुऱ्यावर सात-आठ माणसं उभी असतात, हात मागे बांधून,
त्यातलं एक हटकून विचारतं,
"मोजनीवाले सायेब कवा येतेत वो बाई?"
"आलेत," मी म्हणते,
आणि माझ्या हनुवटीपर्यंत येणारी तिवई रोवते.
ओढणी चिल्हाटीच्या काट्यात, सलवार बांधीच्या चिखलात.
पण खरं सांगू, काट्यांचं निमित्त.
मला एकदा उंच दिसायचं होतं,
चार फूट दहा इंचांत मावेल तेवढं.

उरकुडा मास्तरचं दुकान नाटक कंपन्यांच्या गल्लीत.
खुंटीला राजाची तुमान, सेनापतीचा कोट.
दिवाळीनंतर त्याला जेवायची फुरसत नसते;
मी गेले भर उन्हाळ्यात, तर मशीनवर मांजर झोपलेलं.
टेप गळ्यातच ठेवून तो मागे मागे गेला, दारापर्यंत,
मंडपातल्या शेवटच्या रांगेत बसल्यासारखा
एक डोळा मिटून बघत राहिला.

"तुमी बारीक आहा जी, कमी नाई आहा.
कंबर वर घेऊ, बेंबीले टेकवू.
पाय तेथूनच सुरू होते असं वाटते मंग लोकायले.
खिसे तिरपे. बाजूले फुगले का मानूस आखूड दिसते.
समोर एक रेघ, इस्त्रीची, मोडाची नाई.
अन् खाली घोट्याच्या हाडावर थांबाचं.
हाड दिसू द्याचं. डोळा तेथून वर चढते."

मी म्हटलं, पाय काडीसारखे आहेत, घट्ट नको.
"घट्ट कायले? बगळा दिसन. ढिल्ली केली तं बुजगावणं.
अंगाले समजलं पायजे का कापड आहे,
अन् कापडाले समजलं पायजे का अंग आहे."

कंबर चोवीस. लांबी चौतीस.
वहीत एका दरोडेखोराच्या खाली लिहिलं,
नाव न विचारता: मोजनीवाली.
माझं माप पहिल्यांदाच कुणी
दुसऱ्या कुणाच्या मापातून वजा न करता घेतलं.

"मास्तर, खिसा खरा पाहिजे.
बायकांच्या पँटीला नुसती शिवण असते, आत बोट जात नाही."
"किती खोल?"
"मोबाईल, खडू, चार खिळे. आणि मूठभर फुटाणे."
"फुटाने," तो म्हणाला, आणि तेही वहीत लिहिलं.

सोमवारी कुरूडच्या धुऱ्यावर उभी होते.
एक म्हातारबा आले, "मोजनीवाले सायेब..." म्हणता म्हणता
त्यांची नजर माझ्या घोट्यावर अडली.
मग वर निघाली, रेघेरेघेनं.
तोंडापर्यंत यायला जरा वेळ लागला तिला.
"मांगच्या खेपेले आलती," ते म्हणाले,
"थे पोट्टी तुमची लहान बहीन का?"

"हो," मी म्हटलं, आणि खिशात हात घातला.
मनगटापर्यंत गेला.
फुटाणे अजून कोमट होते.