आर्लेम ते फातोर्डा

इनास कुलासोचा एकही सामना मी पाहिला नाही.
पोहोचवायचो फक्त.
काळी गाडी, पिवळं मडगार्ड, मी पायलट,
भाडं तीन रुपये, पुढे पाच झालं.

दिवसभर तो यष्टींमागे ओणवा,
संध्याकाळी गोलात उभा.
दोन्हीकडे पगार, दोन्हीकडे कुरकुर.
क्रिकेटवाले म्हणायचे, याचं लक्ष घड्याळात,
फुटबॉलवाले म्हणायचे,
आला बघा, उठाबशा काढून.

सहा मिनिटांचा रस्ता.
मागे बसून तो हातमोजे बदलायचा.
घामाने भिजलेली पहिली जोडी
माझ्या खांद्यावर वाळत टाकायचा, न विचारता.
माझ्या शर्टाला जो वास असायचा
तो बायकोला कधी कळला नाही,
मीही सांगितलं नाही.
एक जोडी काढून दुसरी चढवेपर्यंत
त्याची उघडी बोटं माझ्या कमरेला.
डावी करंगळी बाहेर वळलेली,
खड्डा आला की बरगडीत रुतायची.

ती माझ्याच गाडीवर मोडली.
आर्लेमच्या वळणावर कुत्रं आडवं आलं,
मी ब्रेक दाबला, आणि तो
आयुष्यात पहिल्यांदाच
काही न अडवता पडला.
उठला. म्हणाला, चल रे शाणू, उशीर होतो.

त्या संध्याकाळी फातोर्ड्याला सांगितलं, क्रिकेटमध्ये लागलं.
दुसऱ्या सकाळी आर्लेमला, फुटबॉलमध्ये.
दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं,
औषधाचे पैसे कुणीच दिले नाहीत.
मोसम संपताना दोघांनी एकाच आठवड्यात
कंत्राट थांबवलं.
माझं नाव कुठेच आलं नाही.

मी विचारलं होतं नंतर, का रे?
तो म्हणाला, तुझं लायसन गेलं असतं
तर मला कोण नेणार होतं.
तेव्हा त्याला कुठे जायचंच नव्हतं.

परवा मडगावच्या बाजारात दिसला,
नीरफणस हातात तोलत, भावावरून हुज्जत घालत.
मला सुटे हवे होते, त्याने दिले.
मी नोट द्यायची ती घडी करून फेकली, उगाच,
जरा उंच, जरा डावीकडे.

नीरफणस काखेत, नजर अजून बाईकडे,
आणि नोट हातात.
चार बोटं मिटलेली.
करंगळी तशीच बाहेर,
फातोर्ड्याकडे.