तिला घाई होती

पुठ्ठ्याच्या खोक्यात दहा-दहा बसलेली,
बुडाशी कारखान्याचं अक्षर, सालाचे दोन आकडे,
मानेभोवती मेणाची पुसट कडी.
एकसष्ट सालची. माझ्या आधीची.
जो शत्रू खिंडीतून कधी उतरलाच नाही
त्याच्यासाठी इतकी नेटकी घडवलेली.

बार्बा दुरीच्या तळघरात आता तीन खोकी उरलीत.
(बार्बा म्हणजे मामा, आमच्या एंगाडीन खोऱ्यात.)
चौऱ्याऐंशीचा आहे तो. रविवारी चर्चची घंटा थांबली
की त्याला तीनशे मीटरवरचा कागद फोडायचा असतो,
फौजेने निवृत्तीला दिलेल्या त्याच रायफलीने.
डोळ्यांत मोतीबिंदू आहे,
पण खांद्याला सगळं आठवतं.

म्हणून मी, चीजच्या कारखान्यातून आल्यावर,
जेवणाचं टेबल पुसते, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसते,
आणि बसते.

आधी एक जुनं काडतूस उघडलं.
कुणाचं पत्र फोडल्यासारखं वाटलं.
आतली दारू बशीत सांडली:
काळपट, चकचकीत, खसखशीहून जाड,
साठ वर्षं अंधारात राहून वासही न बदललेली.
फौजेचं पितळ एकदाच जगायचं म्हणून जन्मतं,
पुन्हा भरून घेत नाही.
मी फिनलंडहून दुसरं मागवलं. ते सोशिक आहे.

तराजू श्वासाने हलतो, म्हणून श्वास धरायचा.
चिमट्याने एक कण, मग अर्ध्या कणाची घासाघीस,
गुंजेचा कितवा हिस्सा ते देव जाणे,
आणि काटा मधोमध येऊन थांबतो
दूध काढून झालेल्या गायीसारखा.
मग दांडा खाली. टक्.
एका रात्रीत वीस. कधी बारा.
कधी एक, आणि तेही मोडून टाकलेलं.

एवढं करून ही सरकारी नेमबाजीत चालत नाहीत.
जूनमध्ये सगळा देश निशाणं धरतो
तिथे सरकारी खोक्यातलीच लागतात,
माझी उंबऱ्याबाहेर.
म्हणजे हा सगळा खटाटोप
एका म्हाताऱ्याच्या रविवारासाठी.

ऑक्टोबरात त्याच्या तळहातावर सहा ठेवली,
तीन त्याची, तीन माझी, सरमिसळ.
लाल निशाण चढलं. खड्ड्यातून कुर्दीन पाटी दाखवत होता.
तिसरी झाडल्यावर बार्बाने बोल्ट उघडला नाही.
"ही तुझी."
"कशावरून?"
"तिला घाई होती."

वेग मोजायचं यंत्र तेच म्हणालं, फक्त आकड्यांत.

हिवाळाभर मी तिची घाई काढत राहिले.
बाहेर लार्चच्या फांद्या बर्फाने मोडायच्या,
आत मी वहीत बारीक अक्षरात लिहायचे
आणि दुसऱ्या दिवशी खोडायचे.
फेब्रुवारीत तर मानेला मेणही लावलं,
शेजारच्या मेंगियाच्या पोळ्यांचं, कुंचल्याने,
लग्नघरात उसनी पैठणी नेसून जावं तशी लबाडी.
हसू आलं. पुसलं नाही.

एप्रिलात पुन्हा सहा.
नदी बर्फाचं पाणी घेऊन ओरडत होती,
कानावर टोप्या असूनही ऐकू येत होती.
सहाही काळ्यात. कुर्दीनने पाटी दोनदा फिरवली.
बार्बाने कानटोप्या काढल्या,
खिशातून वाळवलेल्या मांसाचा तुकडा काढून
बराच वेळ चघळला.
मग जमिनीवरच्या पितळांतल्या पाचव्याकडे
काठीचं टोक नेलं.
"ही तुझी. शिकलीस."

पाचवी एकसष्टची होती.

मी म्हटलं, "हो."
पितळं वेचली. माझी तीन पिशवीत टाकली,
ती पुन्हा भरता येतील.
पाचवं मुठीत ठेवलं.
अजून गरम होतं.